लातूर-नांदेड विनाथांबा आणि बाकीचे बांबू

लातुरात जन्म काढून ज्याने आपल्या पोराला डॉक्टर केलं नाही, दुसऱ्याच्या पोराला अभ्यासाला खोली दिली नाही, पोरं घडवण्याच्या कुठल्याही धंद्यात दमडी गुंतवली नाही, आणि तरीही ज्याच्या दारावरून जाणारा प्रत्येक माणूस मान वर करून तोंड उघडं टाकून बघत राहिला, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे घरमालक. आता लोक मान वर करायचे ती घरमालकांना बघायला नव्हे, हे मला मान्य आहे. घरमालक स्वतः टोपीसकट मोजले तरी माझ्या खांद्याला लागत. लोक बघायचे त्यांच्या अंगणातल्या बांबूच्या बेटाकडे. पिवळाधमक रंग, त्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या रेघा, मांडीएवढी जाडी, आणि उंची अशी की शेजारच्या तीन मजली वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या पोरांच्या डोक्यात त्याची पानं पडत. पण बांबू वेगळा आणि घरमालक वेगळे, असं म्हणायची सोय त्यांनी गल्लीत कुणालाच ठेवली नव्हती. बांबूला कुणी चांगलं म्हटलं की ते लाजत आणि बांबूला कुणी नावं ठेवली की आठवडाभर बोलत नसत.

मी मूळचा नांदेडचा. बँकेने माझी लातूरला बदली केली तेव्हा भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती आणि क्लासेसची लाट चढायला लागली होती. नांदेडच्या माणसाला लातूरबद्दल जे वाटतं ते मलाही वाटत होतं. ते इथे लिहीत नाही, कारण लातूरच्या माणसाला नांदेडबद्दल तेच वाटतं, म्हणजे फिटंफाट झाली. घर शोधायला निघालो तर प्रत्येक दारात एकच प्रश्न: मुलगा कितवीला? आमचं पोर पाळण्यात आहे म्हटल्यावर समोरच्या चेहऱ्यावरचा सगळा रस आटून जाई. गल्लीतले गोठे गेले होते आणि त्या जागी मेस आल्या होत्या. देवघरं हलवून तिथे दोन-दोन खाटा टाकलेल्या होत्या. जिने घराच्या बाहेरून चढवले होते, म्हणजे पोरांनी मालकांच्या झोपेतून जायला नको. ह्या सगळ्यात एकच घर बैठं होतं आणि त्याच्या डोक्यावर ते पिवळं प्रकरण डुलत होतं. फाटकात एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मला मुलाबाळांचं, पगाराचं, जातीपातीचं काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पानं लई पडतात. झाडायला जमंल का?" माझी बायको हो म्हणाली. मी नांदेडचा म्हणून कळल्यावर त्यांनी माझं नावही विचारलं नाही. पुढे सगळी वर्षं मी त्यांच्यासाठी "नांदेड"च राहिलो. "ओ नांदेड, इकडं या जरा," अशी हाक आली की गल्लीतल्या नव्या पोरांना वाटे, कुठली तरी गाडी लागली.

ते वाटणं अगदीच चुकीचं नव्हतं. घरमालक एस.टी.च्या स्टँडावर कंट्रोलर होते. आयुष्यभर ध्वनिक्षेपकासमोर बसून गाड्या पुकारल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर ध्वनिक्षेपक तिथे ठेवून आवाज तेवढा घरी आणला होता. साधं "चहा दे" म्हणायचं तर तेसुद्धा ते फलाटावर उभ्या असलेल्या तमाम प्रवाशांना उद्देशून म्हणत. गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, त्यांच्या पत्नीला अव्वा. अव्वा बुटक्या, गोलमटोल, कमी बोलणाऱ्या. नवऱ्याने पुकारलेल्या गोष्टींपैकी नेमक्या कुठल्या ऐकायच्या हे त्यांनी फार पूर्वी ठरवून टाकलं असावं.

आणि ह्याच स्टँडाच्या सवयीने अप्पांनी बांबूंना नावं दिली होती. बेटातली प्रत्येक काठी म्हणजे एक गाडी. पावसाळ्यात नवा कोंब जमिनीतून डोकं वर काढी, तेव्हा अप्पा पाठीवर हात बांधून त्याच्याभोवती दोन-तीन दिवस फिरत आणि मग त्याची चाल बघून त्याचा मार्ग ठरवत. सरळ जाणारी ती लातूर-सोलापूर. तिच्या उलट्या बाजूला झुकलेली ती लातूर-उदगीर. थोडी जाऊन कुंपणाकडे वळलेली ती लातूर-निलंगा, औसा मार्गे. एक काठी कमरेइतकी वाढली आणि कसलीशी अळी लागून तिथेच थांबली, तिचं नाव लातूर-मुरुड. तिच्याबद्दल विचारलं की अप्पा आवाज खाली आणून म्हणत, "डेपोत हाय ती. नादुरुस्त." आम्ही राहायला आलो त्या पावसाळ्यात एक कोंब असा काही निघाला की सकाळी बघितला त्याहून संध्याकाळी वीतभर जास्त. कुठे वळण नाही, कुठे विसावा नाही. अप्पांनी मला बाहेर बोलावलं, कोंबाच्या बुडाशी नेऊन उभं केलं, खाकरले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं, "लातूर-नांदेड, विनाथांबा!" माझा एवढा मोठा सत्कार त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही. त्या आनंदात मी कोंबाला मायेने हात लावला. कोंबाच्या आवरणावर बारीक काळपट केस असतात आणि ते कातडीत घुसले की माणूस दोन दिवस दुसरं काम करू शकत नाही, हे अप्पांनी मला त्यानंतर सांगितलं.

बांबू दारात का लावला, ह्याची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. आम्ही पानं गोळा करत होतो. त्यांची थोरली बहीण औशाच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. दगडमातीचं घर, वर मातीचं धाबं. "भिंती दोन-दोन हात रुंद होत्या, नांदेड," ते म्हणाले. "अक्काला लई अभिमान. म्हणायची, हत्तीनं धडक दिली तरी हलायची न्हाई. तेच अंगावर आलं." भूकंपाच्या सकाळी ते मिळेल त्या गाडीने तिकडे गेले होते. पुढचं वाक्य त्यांनी अर्धंच सांगितलं, "हातानंच उकरलो..." आणि मग एकदम नेहमीचा आवाज लावून म्हणाले, "तवापासून आमच्या घरात ही बाई लई भ्याली. स्लॅबखाली झोपायलाच तयार न्हाई. मग करता काय?" तिकडे मदतीला आलेला आसामकडचा एक जवान त्यांना भेटला होता. तो म्हणाला, आमच्याकडे जमीन सारखी हलते, पण घरं बांबूची, ती नाचतात, पडत नाहीत. झालं. अप्पांनी ठरवलं, बायकोसाठी बांबूची खोली बांधायची. आणि लागणारा बांबू विकत आणायचा नाही, दारात वाढवायचा, म्हणजे तो आपल्या मातीला ओळखील.

इथे एक छोटीशी गडबड झाली. अप्पांनी अर्धापूरकडून केळीची रोपं आणणाऱ्या एका ट्रकवाल्याला सांगितलं, "बांबू आण. चांगला, दांडगा." ट्रकवाल्याने रोपवाटिकेत जाऊन सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत दांडगा मागितला. रोपवाटिकावाल्याने श्रीमंतांच्या बंगल्यांसमोर लावतात तो दिला. अप्पांनी तो खड्डा घेऊन, शेणखत घालून, नारळ फोडून लावला. तो शोभेचा आहे हे कळायला दोन पावसाळे जावे लागले. ते कळवलं गल्लीतल्या खलीलभाईंनी. त्यांचा मंडपाचा धंदा. उभी हयात बांबू बांधण्यात गेलेली. ते बेटाला प्रदक्षिणा घालून, बोटांनी टकटक करून म्हणाले, "अप्पा, ये किसी काम का नही. मंडपाला जाड, शिडीला जड, टोपलीला चिरत न्हाई. बस देखने का है." अप्पा आठवडाभर खलीलभाईंशी बोलले नाहीत. मग आठव्या दिवशी त्यांच्या दुकानासमोर जाऊन पुकारा केल्यासारखे म्हणाले, "बघायचा तर बघायचा! लातुरात एक तरी गोष्ट नुसती बघायची असू द्या!" आणि खरं सांगतो, ज्या गावात पोरगं जन्मलं की त्याचे टक्के धरले जातात, त्या गावातलं हे वाक्य खलीलभाईंकडून ऐकल्यावर मला फार बरं वाटलं.

खोलीचा बेत असा बारगळला, पण बेट माजत गेलं आणि त्याच्या काठ्या वरून कमानीसारख्या वाकून अंगणावर आल्या. अप्पांनी त्याखाली दोन बाजा टाकल्या. एक अव्वांची आणि दुसरी, "तिला सोबत म्हणून," त्यांची. पावसाळ्यात वर खलीलभाईंची जुनी ताडपत्री चढे, थंडीत वाकळांची संख्या वाढे, पण बिऱ्हाड आत जात नसे. कुणी आश्चर्य केलं की अप्पा अव्वांकडे बोट दाखवून म्हणत, "माझं काय न्हाई. हिचं काळीज सशाचं हाय." अव्वा मान डोलवत आणि सुपातले गहू निवडत राहत. माझ्या बायकोला एक कोडं पडलं होतं. अव्वा दुपारी जेवण झालं की स्वयंपाकघरात, बरोबर स्लॅबखाली, पदर तोंडावर घेऊन तास-दोन तास घोरत असत. तिने एकदा विचारलंच. अव्वा म्हणाल्या, "दुपारचा होत न्हाई भूकंप." हे शास्त्र आम्हाला नवीन होतं, पण घरमालकिणीशी वाद कोण घालणार?

बांबू दारात असणं अशुभ, असं सांगायला येणाऱ्या माणसांची गल्लीत कमी नव्हती. एकदा एक आजोबा मुद्दाम काठी टेकत आले आणि म्हणाले, अप्पा, बांबू म्हटलं की तिरडी आठवते, दारात कशाला ही आठवण? अप्पांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. पण आमच्यात तिरडी नसती. आमी लिंगायत. मेल्यावर सजवलेल्या विमानात मांडी घालून, बसून जातो. आडवंच व्हायचं न्हाई तर बांबूचं भ्या कशाला?" जाताना आजोबा बेटाकडे नव्हे तर अप्पांच्या मांडीकडे काहीशा हेव्याने बघत गेले.

पाण्याचा प्रश्न वेगळा. लातूरचा नळ म्हणजे पाहुणा, येईल तेव्हा त्याचं स्वागत करायचं. अशात बांबूला पाणी घालतात म्हणून लोक कुरकुरायला लागले, तेव्हा अप्पांनी तोडगा काढला: आंघोळच बांबूच्या बुडाशी दगडावर बसून करायची. एका पाण्यात दोन आंघोळी. पण समोर मुलींचं वसतिगृह उभं राहिलं होतं. तिथल्या बाई तक्रार घेऊन आल्या. अप्पांना ती तक्रार लगेच पटली आणि त्यांनी त्यावर स्वतःच्या पद्धतीने इलाज केला. रोज सकाळी तांब्या-बादली घेऊन ते अंगणात येत, टॉवेल खांद्यावर टाकत आणि पुकारत, "लक्ष द्या! लक्ष द्या! अप्पांची आंघोळ थोड्याच वेळात सुरू होत आहे. पूर्वेकडच्या खिडक्या बंद कराव्यात!" धडाधड खिडक्या लागत. पुढे तर त्या मुली ह्या पुकाऱ्यावरच उठायला लागल्या. अप्पा परगावी गेले की अर्धं वसतिगृह क्लासला उशिरा पोचे, असं बाईंनीच येऊन सांगितलं. तक्रार त्यांची तेव्हाही होतीच.

घंटेचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. भूकंप आधी बांबूच्या शेंड्याला कळणार, असा अप्पांचा एक सिद्धांत होता. म्हणून त्यांनी उदगीरकडच्या बैलबाजारातून चांगली खणखणीत पितळी घंटा आणली आणि खलीलभाईंच्या माणसाला शिडीवर चढवून बेटाच्या मधल्या काठीला उंचावर बांधली. गल्लीला सूचना दिली, "घंटा वाजली की घराबाहेर!" आता घंटा बांधली तो महिना होता परीक्षेचा, आणि त्या महिन्यात आमच्याकडे दुपारनंतर वावटळ उठते. एका दुपारी ती उठली. घंटा अशी वाजायला लागली की जणू बैल उधळले. गल्लीतल्या सगळ्या वसतिगृहांतून पोरं सुटली. कुणी उशी घेऊन, कुणी पुस्तक घेऊन, एक जण तर अंगावर साबण घेऊन. डबा द्यायला गावाकडून आलेल्या एका आईने रस्त्यात बसून रडायला सुरुवात केली. मी पोराला काखेत मारून बाहेर आलो. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी गर्दी पांगवत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, अव्वांच्या काळजीने. कारण सगळी गल्ली बाहेर होती, अव्वा तेवढ्या नव्हत्या. मी धावत आत गेलो. अव्वा स्वयंपाकघरात चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी ओरडलो, "अव्वा, भूकंप! बाहेर चला!" त्यांनी भाकरी उलटली. "वारं हाय," त्या म्हणाल्या. "तेन्ला पाणी न्या गलासभर. घसा सुकला आसंल."

त्या संध्याकाळी गल्लीची बैठक बसली. घंटा काढा, असं एकमत झालं. अप्पांनी तडजोड म्हणून घंटेची जीभ तेवढी काढली. घंटा तिथेच राहिली, मुकी.

क्लासवाल्या सरांनाही हा बांबू आवडला होता. नाक्यावर त्यांचा मोठा क्लास. निकालाच्या दिवसांत सगळ्या रस्त्यावर त्यांचेच फलक. ते एका रविवारी पोरांची एक तुकडी घेऊन अंगणात आले, रीतसर परवानगी काढून. पोरं सतरंजीवर बसली आणि सरांनी सांगायला सुरुवात केली, की मुलांनो, बांबू पाच वर्षं जमिनीत गपचूप मुळं धरतो, वर काहीच दिसत नाही, आणि मग एकदम आभाळाला भिडतो. अप्पा खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांना राहवलं नाही. "खोटं हाय ते," ते फलाटाच्या आवाजात म्हणाले. "ह्यो पहिल्या पावसापासून वाढायलाय. गपचूप-बिपचूप काय न्हाई!" पोरं खूष झाली. पण सर मुरलेले होते. "बघा," ते म्हणाले, "ह्याला म्हणतात आत्मविश्वास." पुढच्या महिन्यात नाक्यावर सरांचा फलक लागला. सर हाताची घडी घालून उभे, मागे अप्पांचा बांबू, खाली लिहिलेलं, 'आमच्याकडे वाढ हमखास'. अप्पा मला तो दाखवायला घेऊन गेले. मला वाटलं, न विचारता फोटो छापला म्हणून चिडले असतील. ते चिडले होते, पण कारण वेगळं होतं. "नांदेड, नीट बघा," ते म्हणाले, "सोलापूर सोडून, नांदेड सोडून, ह्या बाबानं मुरुडसंगं फोटो काढलाय! नादुरुस्त गाडी!"

असं सगळं मजेत चाललेलं असताना मुलगा आला. अप्पांचा एकुलता एक, पुण्याला नोकरीला. वाईट नव्हता, बापाचा आवाज तेवढा घेतलेला आणि बाकी सगळं आईचं. दिवाळीला आला तो एका इंजिनिअरला घेऊन. ओसरीवर नकाशा पसरला. चार मजले, मजल्यावर सहा खोल्या, तळाला मेस. "अप्पा, सगळी गल्ली वर गेली," तो म्हणाला. "आपणच खाली राहिलाव. मी तिकडं, तुमी इथं दोघंच. चार पोरं राहतील, घर जागं राहील. अंगणातलं तेवढं काढावं लागंल." अंगणातलं म्हणजे काय, हे त्याने नाव घेऊन म्हटलं नाही. इंजिनिअर म्हणाला, तुम्हा दोघांना तळमजल्यावर खास खोली काढू, जाड लोखंड टाकून, भूकंप आला तरी हलणार नाही. हलणार नाही हे शब्द ऐकल्यापासून अप्पांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसला होता. मी शेजारी बसलो होतो, मला तो दिसत होता. सगळं आयुष्य पुकारण्यात गेलेला माणूस शेवटी अगदी हळू म्हणाला, "माझं काय न्हाई. तुझ्या अव्वाला इचार. तिला भ्या वाटतंय."

सगळ्यांनी अव्वांकडे पाहिलं. आता त्या हो म्हणाल्या असत्या तर बांबू गेलाच होता, आणि बांबू गेला असता तर त्या दोन बाजा कुठे गेल्या असत्या, हे मला तेव्हाच दिसलं. अव्वांनी नकाशाकडे एकदा पाहिलं, मग लेकाकडे, मग नवऱ्याच्या त्या हाताकडे. "हाव," त्या म्हणाल्या. "लई भ्या वाटतंय मला. स्लॅबखाली डोळाच लागत न्हाई. मी हाय तवर ऱ्हाऊ दे बांबू." एवढं बोलून त्या उठल्या आणि स्लॅबखाली जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला. मुलाने नकाशाची गुंडाळी केली. अप्पांनी खुर्चीची दांडी सोडली आणि एकदम खणखणीत आवाजात इंजिनिअरला म्हणाले, "बायकांच्या भीतीला इलाज न्हाई, साहेब!"

पुढे माझी बदली नांदेडला झाली. निघताना अप्पांनी मला विनाथांबा काठीपाशी नेलं. "येत जा," म्हणाले, "गाडी सरळ हाय." आम्ही जात राहिलो, दर वर्षी नाही, पण जात राहिलो. गल्ली उंच होत गेली, बांबू तिच्यापेक्षा वर राहिला. आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सकाळी खलीलभाईंचा फोन आला. अप्पा झोपेतच गेले, बाजेवर. मी मिळेल ती गाडी पकडून लातूर गाठलं.

अंगणात माणसं मावत नव्हती. समोरच्या वसतिगृहाच्या पूर्वेकडच्या खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत मुली उभ्या होत्या. विमान बांधायचं काम खलीलभाईंनी मागून घेतलं होतं. चार कोपऱ्यांना चार खांब लागतात. ते बेटासमोर कोयता घेऊन उभे होते आणि त्यांचा हात उचलत नव्हता. "अव्वा, कौनसा काटू?" त्यांनी विचारलं. अव्वा ओसरीवर बसल्या होत्या. ज्या बाईने ह्या गाड्यांची नावं कधी तोंडातून काढली नव्हती, उलट अप्पा पुकारायला लागले की आत निघून जायची, ती बाई बसल्या जागेवरून एकेका काठीकडे बोट दाखवत म्हणाली, "सोलापूर घे. उदगीर घे. ती कुंपणाकडची निलंगा. आन् नांदेड." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चालतंय न्हवं?" मी मान हलवली. कुठल्याच कामाचा नाही म्हणून नावं ठेवलेला तो बांबू विमानाला असा शोभला की बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. पिवळे खांब, त्यावर झेंडू, आणि मध्ये अप्पा मांडी घालून, टोपी घालून, बसून. गल्लीतून निघाले तेव्हा ते पहिल्यांदाच सगळ्यांपेक्षा उंच होते.

नंतर मी गेलो तो ऐन थंडीत. मुलगाही आला होता. अंगणात बेट होतं तसंच होतं. तोडलेल्या चार बुडख्यांवर कुणीतरी मातीचा गिलावा दिला होता. अव्वांची बाज तिथे नव्हती. ती आतल्या खोलीत होती, स्लॅबखाली, पंख्याच्या बरोबर खाली. जेवणं झाल्यावर मी भीतभीत विचारलं, "अव्वा, आता आत झोप लागते?"

"मला कवा लागत न्हवती?" त्या म्हणाल्या. "मला कसली भीती? भूकंपाच्या त्या पहाटे सगळी गल्ली बाहेर पळाली, मी ह्यांच्या पाळीसाठी पेटवलेली चूल इझवून मग निघाले. हे औशाकडनं परत आले दोन दिवसांनी. हात सोललेले. उंबऱ्यापाशी आले आन् पाय आत पडंना. वर स्लॅबकडं बघायलेत, खाली बघायलेत. स्टँडावर एवढा वरडणारा मानूस, बायकोला कसं म्हणंल, मला भ्या वाटतंय? मग मीच म्हणले, मला लई भ्या वाटतंय, आपण बाहेर झोपू. तवा कुठं खाली बसले. पाणी पिले." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मग माझीच भीती झाली ती. पुरली जन्मभर."

"आणि खोल्या?" मी विचारलं.

"मीच म्हणले पोराला, आता काप, बांध. माझी भीती गेली. तर ह्यो बघा." त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बेटाखाली अप्पांची बाज होती आणि तिच्यावर मुलगा एका पातळ शालीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. लातूरची थंडी काय असते ते मला माहीत आहे. "आत ये म्हणले तर म्हणतोय, अव्वा, आत उकडतंय. बापाला भीती वाटत न्हवती, आन् लेकाला थंडी वाजत न्हाई."

त्या उठल्या, कपाटातून एक जाड वाकळ काढून माझ्या हातात दिली. "तेवढी नेऊन द्या. मी दिली म्हणू नका. तुमाला जास्तीची झाली म्हणा."

मी वाकळ घेऊन बाहेर आलो. वर मुकी घंटा हलत होती आणि पानं अंगावर पडत होती. मुलाने विचारलं, "काय झालं?" मी ओसरीतली एक रिकामी बाज ओढून त्याच्या शेजारी टाकली आणि वाकळ दोघांवर मिळून पसरली. त्याला म्हटलं, काही नाही, मलाही आत उकडतंय.